आंबील, बॅच क्रमांक सहा

माझं वजन एक्क्याण्णव किलो आहे ही बातमी मला डॉक्टरांनी दिली. ज्या आवाजात दिली त्या आवाजात साधारणपणे माणूस गेल्याचं कळवतात.

"एक्क्याण्णव," डॉ. प्रियदर्शिनी म्हणाल्या. मग थोडं थांबून, "किलो." जणू मी क्विंटल समजलो असतो.

महाडच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी ऑपरेटर. तीन वर्षं कंत्राटी होतो आणि आता कायम होणार होतो. कागद तयार होता, साहेबांची सही झाली होती, फक्त कंपनीच्या डॉक्टरांचा 'पात्र' हा शिक्का बाकी होता. तो शिक्का त्यांच्या टेबलावर, माझ्यापासून दीड फुटावर, उताणा पडला होता. बाईंनी तो उचलला नाही. पेन उचललं आणि लिहिलं : 'तूर्त अपात्र. पंचेचाळीस दिवसांनी फेरतपासणी. वजन पंच्याऐंशीच्या आत हवे.'

नाही जमलं तर दिवाळीनंतर कंत्राट संपणार आणि मी पोलादपूरचं घर सोडून पुन्हा मुंबईला, मामेभावाच्या खोलीत. तिथं आधीच सहा जण झोपतात. सातव्याला पाय लांब करायचे असतील तर दार उघडं ठेवावं लागतं. सातवा मीच होतो. दोन वर्षं माझे पाय शेजाऱ्यांच्या जास्त ओळखीचे होते.

"पहिल्या पाळीला काय काय खाता?" बाईंनी विचारलं.

मी प्रामाणिकपणे सांगितलं. पहाटे पाचला चहा आणि दोन चपात्या, कारण रिकाम्या पोटी घराबाहेर पडू देत नाहीत. आठला कँटीनचे वडे, कारण ते गरम असतात. साडेअकराला डबा, कारण ती जेवायची वेळ आहे. साडेतीनला घरी पुन्हा ताट, कारण आईनं झाकून ठेवलेलं असतं. नऊला रात्रीचं जेवण, कारण ते तर सगळेच जेवतात.

"ही पाच झाली."

"पाळी बदलते ना मॅडम."

"पाळी बदलते, उतेकर. पोट तेच राहतं."

त्यांनी एक कागद लिहून दिला. भूक मारायची नाही, पोट भरलंच पाहिजे, फक्त ज्यानं भरतं ते बदलायचं. पहिल्या पाळीला निघताना नाचणीची पातळ आंबील. डब्यात एक भाकरी, कुळथाचं पिठलं किंवा मोडाची उसळ, आणि पालेभाजी भाकरीच्या दुप्पट. दुसऱ्या पाळीला मुख्य जेवण घरूनच करून निघायचं, पाळीत हलकं. रात्रपाळीला उकडलेलं अंडं, काकडी, ताक, आणि दर तासाला साखरेचा चहा बंद. साधा, सरळ कागद. एखाद्या सरळ माणसाच्या हाती पडता तर पंचेचाळीस दिवसांत काम झालं असतं.

आता हे कंपनीत कुणाला सांगावं का, असा प्रश्न होता. मी विचार केला आणि नाही सांगायचं ठरवलं. आमच्या प्लांटमध्ये एकाच्या पायाला एकदा मुंग्या आल्या होत्या, तर त्याला तीन वर्षं 'मुंग्या' म्हणतात. त्याला मूळ नावानं हाक मारली तर तो बघतही नाही.

घरी मात्र सांगावं लागलं. माझी बायको सलोनी उमरठची. तिनं कागद दोनदा वाचला, फ्रिजवर लावला आणि माहेराहून नाचणीची गोणी मागवली. तिसऱ्या दिवशी गोणी आली आणि पहिली आंबील शिजली त्या पहाटे शेजारच्या रंगूकाकी आल्या.

"आंबील? वजन उतरायला?" काकी उंबऱ्यातच बसल्या. "अगो सलोनी, आमचं म्हातारं रोज तांब्याभर आंबील प्यायचं."

"मग बारीक होते का ते?"

"नाय गो. दारातनं आडवं होऊन यायचं."

पण काकींनी सल्ला दिलाच. नाचणी थंड हाय, वरनं तूप सोड. तूप जड पडंल, मग गूळ घाल. नुसता गूळ बाधतो, खोबरं किस. चौथ्या सल्ल्याला आंबिलीत काजू पडणार होते, पण सलोनीनं काकींच्या हातात काकडी दिली आणि त्यांना चावायला लावलं. ती काकडी संपेपर्यंत मी आंबील पिऊन बसस्टॉपवर पोचलो होतो.

आणि पोट खरंच भरलं हो. आठला वड्यांचा वास आला तेव्हा मी त्याच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि पुढं गेलो. मनात म्हटलं, हे जमणार.

साडेअकराला डबा उघडला आणि लक्षात आलं, हे जमणार नाही.

आमच्या शिफ्टमध्ये सहा जण. जेवणाच्या खोलीत वर्तमानपत्र पसरायचं, सहा डबे मधोमध ठेवायचे, आपापलं झाकण उलटं करून ताट करायचं. झाकण आपलं, डबा शिफ्टचा. आणि एक नियम, जो कुठं लिहिलेला नाही पण फायर हायड्रंटच्या नियमाहून कडक पाळला जातो : स्वतःच्या डब्यात स्वतः हात घालायचा नाही. आपल्या डब्यातलं आपणच खाणारा माणूस एक तर नवीन असतो, नाही तर घरी भांडून आलेला असतो.

शिफ्टचे सगळ्यात जुने ऑपरेटर श्रीपतदादा, शिवथरचे. त्यांनी माझ्या डब्यात डोकावून पाहिलं. कुळथाचं पिठलं, टाकळ्याची भाजी, ज्वारीची भाकरी.

"दिप्या, ह्ये काय रे? आमच्या आयेच्या हातचं वाटतंय."

"असंच. आवड म्हणून."

दादांनी घास घेतला आणि डोळे मिटले. मग शिफ्टमधल्या स्वराजनं घेतला. मग बाकीच्यांनी. दोन मिनिटांत माझा डबा घासल्यासारखा झाला आणि माझ्या झाकणात, भरपाई म्हणून, दादांच्या घरचं सुकटीचं कालवण, स्वराजच्या घरचं आदल्या दिवशीचं मटण, एक पुरणपोळी आणि भाताचा डोंगर आला. "खा रे," दादा म्हणाले, "तुझं आम्ही खाल्लं, तू उपाशी ऱ्हायचा नाय." मी खाल्लं. नाही कसं म्हणणार? कारण विचारलं असतं.

हे रोज चाललं. दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ गेली, तिसऱ्या दिवशी शेवग्याच्या पाल्याची भाजी. मी सलोनीला म्हटलं, डब्यात काही तरी बेचव दे. तिनं बिनमिठाचा उकडलेला दुधी दिला. श्रीपतदादा म्हणाले, डॉक्टरनं मला हेच सांगितलंय, आणि सगळा संपवला.

दोन आठवड्यांनी स्टोअरमधल्या माल तोलायच्या काट्यावर मी गुपचूप उभा राहिलो. त्र्याण्णव. काट्यामागून आवाज आला, "सर रे जरा." श्रीपतदादा उभे राहिले. तीन किलो उतरले होते. स्वराज दोन. मुंग्यासुद्धा दीड.

"काय आपसूक हलकं हलकं वाटतंय," दादा पोटावरून हात फिरवत म्हणाले. "हवापाणी बदललं बहुतेक."

माझी बायको पहाटे चारला उठून राबत होती आणि तिच्या हातच्या गुणानं अख्खी शिफ्ट बारीक होत होती, मी सोडून. मी जिना चढायला लागलो की भरला ट्रक कशेडी घाटाला लागल्यासारखा आवाज यायचा, आणि पुढं चाललेली पाच माणसं थांबून माझी वाट बघायची.

त्यात, पहाटे उरलेली आंबील मी थर्मासमधून नेत असे, ती त्यांना सापडली. आता साडेनऊला आंबीलही सगळ्यांना लागू लागली. मला एक कपसुद्धा उरेना. सलोनीनं यावर उपाय काढला. हुशार बाई आहे, पण त्या दिवशी तिचा अंदाज चुकला. तिनं पाच लिटरचा पांढरा प्लॅस्टिकचा कॅन घासूनपुसून आंबिलीनं भरून दिला. "सगळ्यांना पुरून तुला दोन पेले नक्की राहतील."

पांढऱ्या कॅनमध्ये राखाडी द्रव घेऊन केमिकल कंपनीच्या गेटवर जाणं हे चूक आहे, हे मला गेटवर गेल्यावर कळलं.

गेटवर मालोजीराव. फौजेतून निवृत्त होऊन सिक्युरिटीचे प्रमुख झालेले. त्यांच्या मिशीला इस्त्री असते. एक लिटरच्या वरचा कुठलाही द्रव आत न्यायचा तर त्याचं सुरक्षा माहितीपत्रक हवं आणि लॅबची मंजुरी हवी, हा नियम. मालोजीरावांनी नियमाला कधी पाठ दाखवलेली नाही.

"काका, आंबील आहे."

"फॉर्मवर लिव्हा."

मी लिहिलं. पदार्थाचं नाव : आंबील. स्वरूप : पातळ, राखाडी. वास : आंबूस. डोळ्यांत गेल्यास : धुवावे. गिळल्यास : हरकत नाही. गळती झाल्यास : मांजर येईल. हा शेवटचा रकाना मालोजीरावांनी दोनदा वाचला. "मांजराला गेट पास नाय," ते म्हणाले आणि कॅन लॅबकडे पाठवला.

लॅबमध्ये समीक्षा. रसायनशास्त्रात सुवर्णपदक, आणि विनोद कळण्याचं यंत्र लॅबला अजून मिळालेलं नाही. तिनं आंबिलीत पट्टी बुडवली, रंग पाहिला, भुवई उचलली.

"आम्लधर्मी आहे."

"आंबील आहे," मी म्हटलं. "गोड कशी असेल?"

तिनं मंजुरी दिली, पण पद्धतीप्रमाणे. आत येणाऱ्या प्रत्येक मालाचा नमुना ठेवायचा. पाव लिटर, काचेच्या बाटलीत, घट्ट बूच लावून, वर चिठ्ठी : 'आंबील. बॅच क्रमांक एक. आणणार : उतेकर. धोका : अद्याप अज्ञात.' बाटली नमुन्यांच्या खोलीत फळीवर गेली. दुसऱ्या दिवशी बॅच दोन. रोज नवा कॅन, रोज नवी बाटली. खरं म्हणजे मला यात थोडा मानच वाटला. माझ्या घरातल्या कुठल्याच गोष्टीला आजवर क्रमांक मिळाला नव्हता.

दिवस ऑक्टोबरचे होते. नमुन्यांची खोली पत्र्याखाली. आंबील ही गप्प बसणारी वस्तू नाही हे रंगूकाकींना विचारलं असतं तर त्यांनी फुकट सांगितलं असतं, पण सुवर्णपदकाच्या अभ्यासक्रमात काकी नव्हत्या.

त्या आठवड्यात आमची दुसरी पाळी. दुपारी चारच्या सुमारास लॅबच्या बाजूनं 'फट्' असा आवाज आला. मग आणखी एक. मग लागोपाठ तीन. लॅबच्या मदतनिसानं नमुन्यांच्या खोलीच्या दाराखालून राखाडी फेस बाहेर येताना पाहिला, आणि प्रशिक्षणात शिकवलं होतं ते जसंच्या तसं केलं. लाल बटण दाबलं.

भोंगा वाजला. प्लांट थांबला. एकशे बारा माणसं वाऱ्याची दिशा बघत, न पळता भराभर चालत, गेटजवळच्या एकत्र जमायच्या जागी आली. मालोजीरावांनी हजेरी घेतली. कँटीनवाला झारा घेऊन आला होता, त्याचा झारा जप्त झाला. साहेब हिरवट चेहऱ्यानं फोनवर कुणाशी तरी बोलत होते. कुणी म्हणालं टाकी फुटली. कुणी म्हणालं, शेजारच्या कंपनीचं असेल. स्वराज गावच्या देवाचं नाव घेत होता.

एवढ्यात वारा फिरला आणि वास आला.

तो वास मी ओळखला. पहाटे आमच्या स्वयंपाकघरात येतो तोच, फक्त पंधरा-वीस पट. या वेळी बोलावं का? एकशे अकरा माणसं जीव मुठीत धरून उभी, आणि एकशे बाराव्यानं 'हा वास आमच्या घरचा आहे' असं म्हणायचं? मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. शेजारी श्रीपतदादा नाक वर करून हुंगत होते.

"दिप्या," ते हळूच म्हणाले, "मला भूक का लागली रे?"

तेवढ्यात लॅबचं दार उघडलं. पाठीला हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क अशी समीक्षा बाहेर आली. हातात, दूर धरलेला, बाटलीचा गळा. सगळे दोन पावलं मागं सरकले. तिनं मास्क काढला, साहेबांच्या हातातला बोलायचा कर्णा घेतला आणि चिठ्ठी वाचली.

"आंबील. बॅच क्रमांक सहा. आणणार, उतेकर."

एकशे अकरा माणसांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नातसुद्धा माझ्याकडे एवढ्या जणांनी पाहिलं नव्हतं. तिथं बरेच जण पंगतीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी चौकशी. साहेब, मालोजीराव, समीक्षा, आमची शिफ्ट आणि मी. कंपनीत काहीही बिघडलं की एक फॉर्म भरतात, त्यात पाच वेळा 'का?' विचारलेलं असतं. उत्तर ज्याच्यामुळं बिघडलं त्यानं लिहायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. मी रात्री बसून लिहिलं होतं. उभा राहिलो.

"बाटली का फुटली? आंबील आंबून गॅस झाला म्हणून. आंबील लॅबमध्ये का होती? कॅन एक लिटरच्या वरचा होता म्हणून. कॅन एवढा मोठा का? अख्खी शिफ्ट प्यायची म्हणून. शिफ्ट का प्यायची? मी नाही म्हणालो नाही म्हणून."

इथं मी कागद खाली केला. साहेबांनी मान हलवली, पुढं.

"नाही का म्हणालो नाही? कारण डॉक्टरांनी मला अपात्र ठरवलंय. सहा किलो उतरले नाहीत तर मी कायम होणार नाही, मुंबईला जावं लागेल. हे सांगायची लाज वाटली म्हणून."

मी समोर पाहत नव्हतो. आता माझं नाव 'आंबील' पडणार, आणि तेही दिवाळीपर्यंतच, मग ते मुंबईला कुणाला माहीत असणार, एवढाच काय तो दिलासा.

श्रीपतदादा उठले.

"सायेब, चूक आमची हाय." मग माझ्याकडे वळले. "अरे गाढवा, तीन वर्सं एका पेपरावर जेवतोय आपण. सांगायला काय झालं? तुझ्या पोटातलं आम्ही काढून खाल्लं नि वर तुला मटण चारलं. तुझ्या बायकूला तोंड कसं दाखवू मी?"

"मी तर पुरणपोळी घातली," मुंग्या म्हणाला. त्यानं खरंच रुमाल काढला होता.

साहेब समजूतदार माणूस, पण एकशे बारा माणसं उन्हात उभी राहिली होती, शिक्षा देणं भाग होतं. त्यांनी लेखी आदेश काढला : उतेकर यांनी बाहेरचा कुठलाही द्रव आत आणू नये. आंबील घरीच पिऊन यावी. पुढील आदेशापर्यंत जेवणाच्या खोलीत जाऊ नये. डबा सिक्युरिटी केबिनमध्ये, मालोजीराव यांच्या देखरेखीखाली खावा.

मला वाटलं, संपलं. काचेच्या केबिनमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या नजरेसमोर एकट्यानं जेवायचं. पहिल्या दिवशी एका टँकरच्या ड्रायव्हरनं काचेवर टकटक करून विचारलं, "भाऊ, काय केलंत?"

पण मालोजीरावांनी माझा डबा उघडला, यादीप्रमाणे तपासला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "संपवा." आणि मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या बायकोच्या हातचं पिठलं खाल्लं. काय सांगू! पाच माणसं डोळे का मिटायची ते कळलं. मी अख्खा डबा खाल्ला, आणि पोट गच्च भरलं.

शिफ्टला मात्र राहवेना. "बिचारा एकला," म्हणून श्रीपतदादा खिडकीतून तळलेला बोंबील आत सरकवायला आले. आदल्याच दिवशी सगळ्यांदेखत चूक कबूल करणारा माणूस! मालोजीरावांनी मनगट धरलं.

"ह्याची आत नोंद नाय."

"एकच हाय हो, मालोजीराव."

"एक असो नाय तर शंभर. माल परत."

स्वराज चहाचा कप घेऊन आला, तो कप मालोजीरावांनी साखर विचारून परत पाठवला. चौथ्या दिवसापासून ते माझ्या घासांवर नजर ठेवू लागले. "बत्तीस वेळा चावा. फौजेत सांगायचे." रात्रपाळीला ते स्वतः अंडं सोलून द्यायचे आणि पिवळा बलक निरखून मगच माझ्या हवाली करायचे. घरी सलोनीनं आईला झाकलेलं ताट ठेवायला बंदी केली. आई दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी तिनं ताटात नुसती कोशिंबीर झाकून ठेवली. ठेवल्याशिवाय तिला करमत नाही, आणि कोशिंबिरीला कागदाची हरकत नव्हती.

पंचेचाळिसावा दिवस उजाडला. दवाखान्याबाहेरच्या बाकावर सगळी शिफ्ट येऊन बसली होती. सुट्टी नव्हती कुणाचीच, पाळी संपवून थांबले होते. मालोजीराव दाराशी सावधान. मी आत गेलो. खिसे रिकामे केले, पट्टा काढला, घड्याळ काढलं. लग्नातली अंगठी काढायला लागलो तेव्हा डॉ. प्रियदर्शिनी म्हणाल्या, "असू द्या. तिचा भार वेगळा."

काट्यावर उभा राहिलो. आकडे वरखाली झाले. मी छताकडे पाहत मामेभावाच्या खोलीतला पंखा आठवत होतो. तो सातव्या माणसापर्यंत पोचत नाही.

"चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा," बाई म्हणाल्या. आणि या वेळी 'किलो' म्हणाल्याच नाहीत.

मग त्यांनी टेप घेतला. "कंबर बघू. उतेकर, पोट आत ओढू नका. सोडा."

"सोडलंय मॅडम."

"सोडा म्हणते ना."

"मॅडम, खरंच सोडलंय. आता एवढंच आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. टेप गुंडाळून ठेवला आणि शिक्का उचलला. तो कागदावर पडल्याचा आवाज बाहेर बाकावर ऐकू गेला असावा, कारण दारापलीकडं कुणी तरी जोरात नाक शिंकरलं.

मी सलोनीला फोन लावला. "राहिलो," म्हटलं.

पलीकडं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं. मग येताना दळण घेऊन या." आणि फोन ठेवायच्या आत रडायला लागली.